जुनी रंगीत शिलाई मशीनं: जमवा खुशाल, पण पहिलं भांडवल त्यात घालू नका



मागच्या महिन्यात दुकानाच्या हिशोबावर व्हिडिओ टाकला होता. उधारीची वही कशी ठेवायची, जीएसटीची बिलं महिन्याच्या महिन्याला कशी लावायची, सगळं नीट मांडलं होतं. आणि खाली कमेंट कशावर? तर माझ्या मागे फडताळात ठेवलेल्या मशीनवर. "ताई, ते आकाशी रंगाचं मशीन कुठल्या कंपनीचं?" "ताई, विकायचंय का?" आणि सगळ्यात जास्त वेळा आलेला प्रश्न, "ताई, असली जुनी रंगीत मशीनं गोळा करून विकायचा धंदा कसा आहे? रीलमध्ये बघितलं, लाखात जातात म्हणे."

व्हिडिओत एका वाक्यात उत्तर देऊन टाकलं असतं, पण मग अर्धवट राहिलं असतं. म्हणून इथे सविस्तर लिहितेय.

माझं मत आधीच सांगते. छंद म्हणून जमवा, मीही जमवते. माझ्याकडे आज पाच आहेत. पण तुमच्या हातात पहिले पन्नास हजार, लाख रुपये आहेत आणि ते तुम्ही यात घालणार असाल, तर घालू नका. हे मी कुणाचं ऐकून सांगत नाही. माझे अडतीस हजार यात अडकले होते, तेही एप्रिल महिन्यात. आमच्या लाईनमध्ये एप्रिल म्हणजे काय, ते टेलरिंगवाल्यांना सांगायला नको. शाळेच्या गणवेशाचा सीझन. दोरा, चेन, अस्तर, बटणं, सुया, सगळा माल मेच्या आत भरायचा असतो. जूनमध्ये शाळा उघडल्यावर माल आणून काही उपयोग नाही.

तर त्या एप्रिलमध्ये मी मुंबईला गेले होते, चोरबाजारात. जायचं कारण वेगळंच होतं, मला फॉल-पिकोच्या जुन्या मशीनचे दोन पार्ट हवे होते. ते मिळाले नाहीत. मिळालं ते हे आकाशी मशीन. खरं तर आकाशीही नाही, मोरपिशी आणि आकाशी यांच्या मधला रंग. पुढच्या बाजूला चकचकीत क्रोमची पट्टी, वर इंग्रजीत झोकदार अक्षरांत कुठलंसं नाव. दुकानदाराने अठरा हजार सांगितले, मी चौदाला घासून आणलं आणि जग जिंकल्यासारखी एसटीत बसले. मांडीवर बारा किलोचं मशीन, सांगलीपर्यंत.

घरी आल्यावर काय केलं? प्लग लावला. भुर्रर्र आवाज, धूर, आणि जळका वास. मोटार गेली. नंतर चश्मा लावून मोटारीवरची पट्टी वाचली तेव्हा कळलं, एकशे दहा व्होल्टची मोटार होती. अमेरिकेच्या बाजारासाठी बनलेलं मशीन, तिथली वीज आपल्यापेक्षा निम्म्या दाबाची. आपल्याकडे दोनशे तीस. दुकानदाराने मला फसवलं नव्हतं. त्याने प्लग लावूनही दाखवला नव्हता आणि मीही बघू दे म्हटलं नव्हतं. मी रंग बघत होते.

हे इतकं सांगायचं कारण म्हणजे तुम्हीही रंगच बघणार आहात. सगळे बघतात.

आता या रंगाची थोडी गोष्ट सांगते, कारण ती कळल्याशिवाय भाव कळत नाही.

आपल्या आजीच्या काळातलं मशीन डोळ्यापुढे आणा. काळं. जुनी मशीनं जवळजवळ सगळी काळीच का, याला कारण आहे. बॉडी ओतीव लोखंडाची. तिला गंज लागू नये म्हणून डांबरासारख्या पदार्थापासून केलेला काळा वॉर्निश लावून भट्टीत भाजायचे. तो थर इतका टणक होतो की शंभर वर्षांची मशीनं आजही आरशासारखी चमकतात. त्या काळात रंग असायचा तो काळ्यावरच्या नक्षीत. सिंगरच्या काही मॉडेलवर इजिप्तचा स्फिंक्स असायचा. सिंगर ६६ वर कमळाची नक्षी यायची, सोनेरी, त्यात विटकरी आणि हिरवा रंग. जमवणारे लोक तिला 'लोटस' म्हणूनच ओळखतात. आपल्याकडे आलेली जुनी सिंगर बरीचशी स्कॉटलंडमधल्या क्लाइडबँकच्या कारखान्यातली. १८८५ ला सुरू झालेला तो कारखाना १९८० ला बंद पडला.

बॉडीच रंगीत, ही गोष्ट नंतरची. स्वित्झर्लंडमधल्या जिनिव्हात १९४० च्या सुमाराला एल्ना नावाचं मशीन निघालं, ते चक्क हिरवं. हलकं, आणि बाही सरळ ओवून शिवता येईल असा निमुळता हात असलेलं. चालवायला गुडघ्याने दाबायची दांडी. त्याची पत्र्याची पेटी उलगडली की तीच शिवायचं टेबल होते. जगभरचे शौकीन त्याला प्रेमाने नाकतोडा म्हणतात. एकदा फोटो बघा, नाव पटेल.

पण रंगांचा खरा पूर आला तो दुसऱ्या महायुद्धानंतर, जपानमधून. हा भाग धंदा शिकणाऱ्यांनी दोनदा वाचावा. जपानी कारखान्यांनी सिंगरचं क्लास १५ हे मॉडेल नमुना म्हणून घेतलं आणि त्याचे पार्ट प्रमाणित केले. म्हणजे एका कारखान्याचा पार्ट दुसऱ्याच्या मशीनला बसेल असे. मग अमेरिकेतले आयातदार आणि मोठी दुकानं आपापलं नाव छापून ही मशीनं मागवायला लागली. आत सगळं तेच! मग गिऱ्हाईकाला वेगळं काय दाखवायचं? रंग. आकाशी, गुलाबी, फिकट पिवळा, दुरंगी, वर क्रोमच्या पट्ट्या, त्या वेळच्या अमेरिकन मोटारींसारख्या. आणि शेकडो वेगवेगळी नावं. म्हणून माझ्या मशीनवर जे झोकदार नाव आहे ते बनवणाऱ्याचं नाही, विकणाऱ्याचं आहे. बीबीएला असताना 'प्रायव्हेट लेबल' हा शब्द पाठ केला होता. समजला तो या मशीनच्या पोटात बघितल्यावर.

इटलीवाल्यांनी वेगळी वाट धरली. नेक्कीने मार्चेल्लो निझोली या डिझायनरकडून मशीनचा आकारच नव्याने घडवून घेतला. त्याच्या 'मिरेला' मॉडेलला १९५७ साली तिकडचा कॉम्पासो दोरो हा डिझाइनचा मोठा पुरस्कार मिळाला, न्यूयॉर्कच्या आधुनिक कलेच्या संग्रहालयातही ते ठेवलंय. माझ्याकडे नाही. फोटो बघते आणि गप्प बसते.

तर मी जळकी मोटार घेऊन गेले आमच्या मिस्त्रीकाकांकडे. काका पन्नास वर्षं मशीन दुरुस्त करतायत. त्यांनी मशीन आडवं केलं, खालचा पत्रा उघडला, शटलजवळ बोट घातलं आणि हसायला लागले. "अगं पोरी, हे तर आपलंच मशीन आहे." मला कळेना. त्यांनी माझ्याच दुकानातून आणलेली साधी बॉबिन केस काढली आणि बसवली. टक्क! बसली. आपल्याकडे घरोघरी जी काळी मशीनं आहेत ना, ती बहुतेक सगळी त्याच क्लास १५ च्या कुटुंबातली. सुई तीच, बॉबिन तीच, बॉबिन केस तीच. मोटारीवर आणखी खर्च करू नको म्हणाले. भरीव चाक काढलं, त्या जागी आऱ्यांचं चाक घातलं आणि हात मशीनचा हँडल जोडून दिला. सगळे मिळून सातशे रुपये. आज व्हिडिओत जे दिसतं ते हातावर चालतं आणि जीन्सच्या चार पदरांवर सरळ टाका घालतं.

त्या दिवसापासून मी मशीनांची तुलना करायला लागले. एक शंभर पानी वही केली. वहीत रंग सगळ्यात शेवटी लिहायचा, असं ठरवलं. आधी बॉबिन कुठली आणि ती सांगलीत मिळते का. क्लास १५ ची बॉबिन कुठल्याही तालुक्याच्या गावात मिळते. सिंगर ६६, ९९, १८५ यांची बॉबिन वेगळी, वरून टाकायची. ती मागवावी लागते. फेदरवेट २२१ ची आणखी वेगळी. मग सुई. मग मोटार किती व्होल्टची, वायरचं आवरण तडकलंय का. जुन्या वायरीचं रबर बिस्किटासारखं भुगा होतं, हात लावायच्या आधी प्लग काढा, हे सांगायची गरज पडू नये पण पडते. मग गिअर लोखंडी आहेत की कसे. १९६० च्या दशकापासून बऱ्याच कंपन्यांनी घरगुती मशीनमध्ये प्लास्टिकचे गिअर घालायला सुरुवात केली. तेव्हा ते हलके आणि बिनआवाजाचे म्हणून कौतुकाचे होते. पन्नास-साठ वर्षांनी त्यांना चिरा जातात, आणि तो पार्ट कोपऱ्यावरच्या दुकानात मिळत नाही. एल्नासारख्या काही मशीनांत मोटार आणि चाक यांच्यामध्ये रबराचं चाक असतं. मशीन वर्षानुवर्षं एकाच जागी बंद राहिलं की ते दाबून एका बाजूला सपाट होतं, मग चालवताना धड-धड असा आवाज येतो. यात कंपनीचा दोष काढण्यात अर्थ नाही. सत्तर वर्षांनी माझेही गुडघे असेच वाजणार आहेत.

वही भरत गेली तसा मला एक हिशोब दिसायला लागला. रंगामुळे लोक थांबतात, फोटो काढतात, भाव विचारतात. पैसे मात्र काढून देतात ते दोनच प्रकारचे लोक. एक, ज्यांना त्यावर खरंच शिवायचंय. दुसरे, कॅफेवाले आणि इंटिरिअरवाले, ज्यांना भिंतीत ठोकायचंय. पहिल्या प्रकारचा माणूस टाका बघतो, दोन-तीनदा येतो, प्रश्न विचारतो, घासाघीस करतो आणि मग वर्षानुवर्षं दोरा-सुया तुमच्याकडूनच नेतो. दुसरा रंग बघतो, पटकन नेतो आणि परत कधी येत नाही. त्यांना विकू नका असं मी म्हणणार नाही, पैसे त्यांचे आहेत. पण चालू मशीनचं चाक ठोकून बंद केलेलं आणि त्यावर कॉफीचा मेन्यू टांगलेला बघितला की माझ्या पोटात कालवतं. मी तरी त्यांना बंद पडलेलंच मशीन देते.

आता तो अडतीस हजारांचा शेवट. आकाशी मशीनचे चौदा, त्याच ओढीत पुण्याच्या जुन्या बाजारातून आणि मडगावच्या एका घरातून आणलेल्या दोन मशीनांचे चोवीस. मडगावचं ते हिरवं एल्ना. गोव्यात १९६१ पर्यंत पोर्तुगीज राज्य होतं आणि बाहेरचा माल सहज यायचा, म्हणून तिकडच्या जुन्या घरांत अशा वस्तू आपल्यापेक्षा जास्त सापडतात. तिन्ही मशीनं सुंदर. तिन्हीपैकी एकही जूनपर्यंत विकलं गेलं नाही. आणि जूनच्या पहिल्या आठवड्यात माझ्याकडे नेव्ही ब्लू दोरा संपला. नेव्ही ब्लू! गणवेशाच्या सीझनमध्ये! होलसेलवाल्याचं मागचं बिल बाकी, त्याने उधार द्यायला नकार दिला, आणि माझे पैसे फडताळात ऐटीत बसलेले. पाच वर्षं नियमित येणारे दोन टेलर त्या आठवड्यात दुसऱ्या दुकानात गेले. एक परत आला. दुसरा अजून आलेला नाही, रस्त्यात भेटला की हसतो तेवढंच.

सासूबाई काही बोलल्या नाहीत. त्या फक्त रोज सकाळी त्या तीन मशीनांवरची धूळ पुसायच्या, माझ्यासमोर. ते जास्त लागलं.

पुस्तकात याला वर्किंग कॅपिटल अडकणं म्हणतात. वस्तूची किंमत असते, पण ती वेळेवर पैशात बदलत नाही. जुन्या मशीनचा हाच स्वभाव आहे. योग्य गिऱ्हाईक आठ महिन्यांनी येतं आणि चांगला भाव देऊन जातं. तुम्हाला आठ महिने थांबता येतं का, एवढाच प्रश्न आहे. नवीन धंदेवाल्याला नाही येत.

आणखी एक चूक सांगते, ती जास्त लाजेची. माझ्या मावशीकडे तिच्या सासूचं सिंगर ६६ होतं, तेच कमळाच्या नक्षीचं. वर धूळ आणि तेलाचा काळा-पिवळा थर. मी म्हटलं, आण, चकाचक करून देते. थिनर घेतला, फडका घेतला आणि घासलं. थर निघाला, आणि त्याबरोबर कमळंही निघाली. फडक्यावर सोनेरी डाग आणि मशीनवर काळं मैदान. थिनर आणि स्पिरिट त्या नक्षीवरचं लाखेचं पातळ आवरण विरघळवतात, हे मला नंतर कळलं. नक्षीला फक्त मशीनचं तेल आणि कापूस, दोन-तीन दिवस सावकाश. रॉकेल वापरायचंच तर आतल्या जाम झालेल्या लोखंडी पार्टना, वरच्या नक्षीला नाही. मावशी म्हणाली, "असू दे गं, स्वच्छ तरी झालं." ते मशीन आज माझ्याकडे आहे. विकायचं धाडस होत नाही आणि परत द्यायचं तोंड नाही.

यावरूनच रंग मारून विकण्याबद्दल. तुम्ही रीलमध्ये लालचुटुक किंवा गुलाबी सिंगर फेदरवेट बघत असाल. १९३३ पासूनचं हे छोटं, पाच किलोच्या आसपासचं मशीन शौकिनांत फार लाडकं आहे. पण कारखान्यातून ते प्रामुख्याने काळं आलं, काही बदामी, आणि १९६० च्या दशकात पांढरट-फिकट हिरवं. लाल, गुलाबी दिसतात ती नंतर कुणीतरी रंगवलेली. रंगवणं हा गुन्हा नाही. पूर्ण उघडून, घासून, मोटारीच्या रंगासारखा भट्टीत पक्का करणारे कारागीर आहेत आणि ते तसं सांगून विकतात. पण ओरिजिनल गुलाबी म्हणून कुणी तुम्हाला विकत असेल तर हात जोडा आणि बाहेर पडा. आणि तुम्ही स्वतः स्प्रेचा डबा आणून आजीच्या मशीनवर मारणार असाल, तर आधी मावशीचं मशीन बघायला माझ्याकडे या. चहा देईन.

सिंगरच्या पट्टीवर १८५१-१९५१ असं छापलेलं दिसलं, तर त्याचेही दुप्पट पैसे मागणारे भेटतील. कंपनीच्या शताब्दीचा तो निळ्या कडेचा बिल्ला. दिसतो छान, पण त्या वर्षी तो ढिगाने मशीनांवर लागला, दुर्मिळ वगैरे काही नाही. मशीनचं वय बघायचं तर बॉडीवरचा सीरियल नंबर बघा, आधीच्या इंग्रजी अक्षरांवरून साल काढता येतं.

आणि लाल पारा. हे वाचणाऱ्यांपैकी किमान एकाच्या घरात ही चर्चा झालेली असणार. मला महिन्यातून एक तरी फोन येतो, "ताई, आमच्याकडे जुनं काळं सिंगर आहे, त्याच्या सुईत लाल पारा असतो, कोटीला जातं म्हणे, पार्टी आहे का तुमच्याकडे?" नाही. पार्टी नाही, पारा नाही, काही नाही. २००९ साली सौदी अरेबियात ही अफवा इतकी पसरली होती की लोक जुनी सिंगर वाट्टेल त्या भावाला घ्यायला लागले. मोबाईल सुईजवळ नेला आणि लाईन कट झाली तर पारा आहे, अशी परीक्षासुद्धा निघाली होती! शिलाई मशीनच्या सुईत पोलाद असतं. तपासणीची फी आगाऊ भरा म्हणणारा कुणी भेटला तर फोन ठेवा आणि पोलिसात कळवा.

आता ज्या गोष्टीसाठी मी हा लेख खरं तर लिहायला घेतला ती.

दोन वर्षांपूर्वी आमच्या भागातल्या एका आजींकडून मी एक मशीन घेतलं. बदामी रंगाचं सिंगर १८५के, आकाराने छोटं, झाकणाच्या पेटीसकट. त्यांचे यजमान जहाजावर होते, त्यांनी तिकडून आणलेलं. आजींना दिसत नव्हतं, शिवणं बंद झालं होतं. भंगारवाला किलोवर तीनशे देत होता. मी पंधराशे दिले. आजी खूश, मी खूश. बीबीएच्या भाषेत सांगायचं तर दोन्ही बाजू समाधानी, सौदा उत्तम. मी ते साफ केलं, बेल्ट बदलला, पुण्यात गोधड्या शिवणाऱ्या एका मॅडमना नऊ हजाराला विकलं आणि मोठ्या तोऱ्यात व्हिडिओ केला. पंधराशेचे नऊ हजार कसे केले!

चार दिवसांनी आजींचा फोन आला. नातवाने व्हिडिओ दाखवला होता. चिडल्या नव्हत्या. एवढंच विचारलं, "नऊ हजाराला गेलं का गं ते?" मी हो म्हटलं. त्या म्हणाल्या, "बरं झालं, चांगल्या घरी गेलं." आणि फोन ठेवला.

त्या रात्री तो व्हिडिओ मी काढून टाकला. नवरा म्हणाला, यात तू चुकीचं काय केलंस, भाव ठरवून घेतलास, त्यांनी खुशीने दिला. कायद्याने काहीच चूक नव्हतं. पण भाव मला माहीत होता आणि त्यांना नव्हता, आणि माझी सगळी कमाई त्या एका फरकावर उभी होती. साफसफाई आणि बेल्टचे मिळून माझे सहाशे गेले होते. बाकी सहा हजार नऊशे मी कशाचे घेतले? आणि मी तर शिकवणारी बाई. माझ्या बॅचला बसणाऱ्या निम्म्या बायका अशाच घरांतून येतात. त्यांच्या आईचं मशीन उद्या कुणी असंच नेलं तर?

दुसऱ्या दिवशी मी आजींकडे गेले. तीन हजार दिले. घेत नव्हत्या, नातवाच्या हातात ठेवून आले. आणि तेव्हापासून मी घरगुती लोकांकडून जुनी मशीनं विकत घेणं बंद केलं. त्याऐवजी कमिशनवर ठेवून घेते. मशीन तुमचंच, कागदावर लिहून देते. दुरुस्तीचा खर्च आधी सांगते. भाव दोघांनी मिळून ठरवायचा. विकलं गेलं की खर्च वजा करून उरलेल्यातले पंचवीस टक्के माझे, पंच्याहत्तर तुमचे. सहा महिन्यांत नाही गेलं तर परत न्या, दुरुस्तीचे तेवढे द्या.

यात मला कमी मिळतं, हे खरंय. पण गंमत बघा, माझं भांडवल शून्य अडकतं. नेव्ही ब्लू दोऱ्याचे पैसे नेव्ही ब्लू दोऱ्यातच राहतात. आणि लोक स्वतःहून फोन करायला लागलेत, कारण ताई भाव लपवत नाहीत हे एकीने दुसरीला सांगितलं. मागच्या वर्षात अशी सहा मशीनं गेली. कमिशन फार नाही, सगळं मिळून बारा हजारांच्या आत. त्या सहाही गिऱ्हाइकांचं सर्व्हिसिंग मात्र माझ्याकडेच येतं, आणि आणणाऱ्यांच्या घरची दुसरी मशीनंसुद्धा. शिलाई मशीनची कमाई सर्व्हिसिंगमध्ये आहे. वर्षाला दोनदा तेलपाणी, बेल्ट, सुया. रीलमध्ये हे कुणी दाखवत नाही, कारण काळ्या तेलाने माखलेले हात कुणाला बघायचेत?

एक जुना किस्सा मला फार आवडतो. १८५० च्या दशकात मशीन इतकं महाग होतं की सामान्य घरात घेता यायचं नाही. सिंगरचा भागीदार एडवर्ड क्लार्क याने १८५६ साली हप्त्यांवर मशीन द्यायला सुरुवात केली. त्याचबरोबर जुनं मशीन परत घेऊन नव्यावर सूट द्यायचे, आणि परत घेतलेली जुनी मशीनं मोडून टाकायचे. का? चांगलं बनवलेलं जुनं मशीन मरत नाही, ते दुसऱ्या घरी जाऊन शिवत बसतं आणि नव्याचा खप खातं. म्हणजे ज्याने बनवलं त्यालाच जुन्या मशीनची भीती होती. आपण दुरुस्ती करणारे लोक त्याच भीतीवर पोट भरतो, असं म्हणायला हरकत नाही.

तेव्हा ज्यांनी ज्यांनी धंदा कसा आहे म्हणून विचारलं, त्यांना माझं सांगणं असं. आधी एखाद्या मिस्त्रीकडे सहा महिने बसा. बायकांना शिकवत नाहीत असं ऐकून घेऊ नका, मलाही पहिले दोन महिने फक्त पत्रे पुसायला लावले होते. क्लास १५ चं मशीन डोळे मिटून उघडता आणि जोडता आलं पाहिजे. मग सर्व्हिसिंग सुरू करा, हत्यारं आणि तेल धरून चार-पाच हजारांत होतं. त्यातून जे उरेल त्यातलं दहा टक्के रंगीत मशीनसाठी बाजूला काढा, घरच्यांना सांगून काढा. वर्षाला एक घेतलंत तरी पुष्कळ. आणि घेताना स्वतःचा कापडाचा तुकडा आणि दोरा बरोबर न्या. दुकानदारासमोर दहा इंच शिवून बघा. तो नको म्हणाला तर मशीन कितीही मोरपिशी असो, चालायला लागा.

तुमच्या घरी असं मशीन असेल तर मला फोटो पाठवा. पण नुसता समोरून काढलेला नको, तो सगळेच पाठवतात. सीरियल नंबरचा एक, मोटारीवरच्या पट्टीचा एक, आणि मशीन आडवं करून पोटाचा एक. पुढच्या व्हिडिओत एकशे दहा व्होल्टची मोटार कशी ओळखायची ते दाखवणार आहे. जळलेली मोटार मी ठेवलीय, तीच घेऊन बसेन.